फेरी दहालाच सुरू झाली

रघू,

तुला अमरधामला नेलं तेव्हा मी तिथे नव्हतो. ही गोष्ट सगळ्या नाशिकला माहीत झाली असावी असं वाटण्याइतके फोन आले, आणि त्यातला एकही मला झापायला आलेला नव्हता. सगळे कौतुक करत होते. पेपरात चार ओळी छापून आल्या, 'मित्राच्या निधनाचं दुःख बाजूला सारून पंचांनी अंतिम फेरी पार पाडली.' ते कात्रण आपल्या बुद्धिबळवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आहे. मी रोज ती रांग बघतो आणि फोन पालथा घालून ठेवतो.

तू असतास तर हे समोर बसून बोललो असतो. इंदिरानगरात माझ्या खिडकीतून तुझी गॅलरी दिसते, त्यामुळे एकमेकांना लिहायची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही. आता गॅलरी तिथेच आहे, वेताची खुर्चीही आहे. ती दिसायला नको म्हणून मी भर दुपारी पडदा ओढून बसलोय.

तू हॉस्पिटलात गेलास तेव्हा स्पर्धा तोंडावर आली होती. मुख्य पंच तू आणि तुझ्या हाताखाली मी, हे इतकी वर्षं ठरलेलं. या वेळी पहिल्यांदाच मुख्य पंचाच्या खुर्चीत मी बसलो. तुझी काळजी होतीच, डॉक्टरांचे चेहरे मलाही वाचता येत होते. पण खरं सांगायचं तर त्या काळजीत एक कोपरा खुशीचाही होता. मी नवा पांढरा शर्ट शिवून घेतला, हे तुला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी भेटायला आलो, तर नाकात नळी असताना तुझा पहिला प्रश्न, "शेवटच्या फेरीचे अर्ज किती आले?"

म्हटलं, "नेहमीसारखे."

तू हसायला गेलास आणि खोकलास. वहिनींनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

ते अर्ज हा आपला दर वर्षीचा तमाशा. रविवारी सकाळी दहाला शेवटची फेरी असते हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, आणि तरी शनिवारी दुपारपासून टेबलाभोवती गर्दी. कुणाच्या मावशीचा साखरपुडा, कुणाची परीक्षा, कुणाला सुरगाण्याची गाडी गाठायची असते. सगळ्यांचं मागणं एकच, 'माझा डाव तेवढा आधी खेळवा.' दिंडोरीचा तो द्राक्षवाला आठवतो? "सर, लय ढग आलेत. उद्या सकाळच्याला फवारणी नाय केली तर बाग जाईल," म्हणाला होता. तू त्याला म्हणालास, "फेरी दहालाच आहे. तू पहाटे फवारणी कर आणि ये. आंघोळ नाही केलीस तरी चालेल, मी तुला टोकाच्या पटावर बसवतो." तो आला, अंगाला औषधाचा वास मारत होता, आणि त्याच्यासमोरचा पोरगा नाकाला रुमाल लावून हरला. मी त्यावर हरकत घेतली होती. तू म्हणालास, नियमात वासाबद्दल काही नाही.

नियम तू सगळ्यांना एकाच शब्दांत समजावायचास. शेवटच्या फेरीत सगळे पट एकदम सुरू व्हायला पाहिजेत. एक डाव आधी उरकला तर त्याचा निकाल बाकीच्यांना कळतो, आणि मग आपल्याला जिंकायला हवं की बरोबरी पुरते याचा हिशेब करून लोक खेळतात. लबाडी न करताही ती लबाडी होते. मला हे पटत होतं, तरी मी तुझ्याशी भांडत राहिलो. कारण समोर उभं असलेलं माणूस रडवेलं झालेलं असायचं, आणि त्याला नाही म्हणून तू खुशाल पुढचा अर्ज हातात घ्यायचास.

आपलं सगळ्यात मोठं भांडण मोहसिनवरून. मालेगावचा, घरचे यंत्रमाग, बस पकडून यायचा आणि पहिल्या पटावर बसायचा. त्या वर्षी त्याच्या बहिणीचा निकाह नेमका रविवारी दुपारी. पोरगं आदल्या दिवशी हात जोडून उभं. "सर, मेरा गेम सात बजे रख दो ना. समोरचा पण तयार आहे." समोरचा खरंच तयार होता. मी म्हटलं, रघू, एवढं एक. तू नाही म्हणालास. मोहसिन दहाला बसला, थोड्याच चालींत बरोबरी मागितली आणि पळत सुटला. अर्ध्या गुणाने त्याचा करंडक गेला. नंतर मिसळ खाताना मी तुला बोलू नये ते बोललो. म्हटलं, "तुला माणसं आणि मोहरे यातला फरक कळत नाही." तू पाव मोडत राहिलास. तो वाद तिथेच पडून राहिला, आपण नंतर कधीही तो उचलला नाही.

मला पुढे कितीतरी दिवसांनी मोहसिनकडून कळलं, की त्या सोमवारी तू रजा टाकून एसटीने मालेगावला गेला होतास. पत्ता विचारत विचारत त्याच्या घरी पोचलास, त्याच्या अब्बांबरोबर मागांच्या खडखडाटात तासभर बसलास, नव्या नवरीच्या हातात पाकीट ठेवलंस आणि शेवटच्या गाडीने परत आलास. माफी मागितली नाहीस म्हणे. म्हणालास, "नियम माझा होता, म्हणून आलो." मला यातलं काही सांगितलं नव्हतंस. मिसळीच्या टेबलावर मी केलेला अपमान तसाच पचवलास.

उशीर करणाऱ्यांशीही तू तसाच वागायचास. घड्याळ सुरू झाल्यावर अर्धा तास थांबायचं, तेवढ्यात खेळाडू आला नाही तर त्याचा शून्य. शून्य मांडताना तू कधी रेंगाळला नाहीस. पण मांडून झालं की तू गेटवर जाऊन उभा राहायचास. धापा टाकत आलेल्या पोराला निकाल तूच सांगायचास, फलकावर वाचायला लावायचा नाहीस. मग त्याला कोपऱ्यावर चहा. मी आतून बघायचो आणि मनात म्हणायचो, याला नाटकं फार.

शनिवारी संध्याकाळी शेवटच्या फेरीच्या जोड्या फलकावर लावत होतो तेव्हा केतकीचा फोन आला. तुझी पोर रडत नव्हती. "दिलीपकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी टाचणी हातात धरून उभा राहिलो. मग तसाच हॉस्पिटलला आलो, तुझ्या पायांना हात लावला. पाय गार पडले होते आणि मोज्याला भोक होतं. ते भोक बघून मला रडू फुटलं.

रात्री समितीची मंडळी माझ्याकडे जमली. केतकीने कळवलं होतं की तिचा भाऊ अमोल कॅनडाहून निघायचा प्रयत्न करतोय, त्यामुळे अंत्यसंस्कार उद्या दुपारी चारला धरूया. पण वेळ बदलू शकते, काका, तुम्ही फोन चालू ठेवा, असंही ती म्हणाली होती. समितीतल्या एकाचं म्हणणं पडलं की फेरी सोमवारी घ्यावी. दुसरा म्हणाला, सकाळी लवकर घेऊ, म्हणजे सगळेच मोकळे होतील. हॉल सोमवारी मिळत नव्हता आणि पेठ-सुरगाण्याची पोरं लवकर पोचत नव्हती, हे खरं. पण मी त्या अडचणी मोजल्याच नाहीत. मी सरळ तुझ्या आवाजात म्हणालो, "शेवटची फेरी ठरल्या वेळीच होते. दहाला." आयुष्यभर तुझ्याकडे सवलती मागणारा मी. एकाने डोळे पुसले. सेक्रेटरी म्हणाले, "अगदी रघूसर बोलल्यासारखं वाटलं." रघू, तू गेल्याला काही तासही झाले नव्हते आणि मला ते वाक्य ऐकून बरं वाटलं.

इथवर तरी काही बिघडलं नव्हतं. फेरी दहाला सुरू होऊन एकपर्यंत संपली असती आणि मी चारला खांदा द्यायला हजर असतो.

सकाळी हॉलवर गायकवाड मॅडम आधीच आल्या होत्या. तूच शिकवून तयार केलेल्या, आता स्वतः मोठ्या स्पर्धा चालवतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही घरी जा. तिकडे तुमची गरज लागेल. फेरी मी घेते. मागे एकदा घेतली होती की."

आजूबाजूला चार-सहा लोक होते. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "मॅडम, रघू गेला असता का?"

लोकांनी माना डोलावल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, थोडं जास्त वेळ पाहिलं, आणि पटांवरची घड्याळं तपासायला निघून गेल्या. त्यांनी असं का पाहिलं ते मला माहीत होतं. पुढे सांगतो.

मग आपला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. फेरीआधी सगळ्यांचे फोन बंद करून त्यात टाकायचे, आणि पहिला फोन पंचाचा, ही तुझीच पद्धत. केतकीने फोन चालू ठेवायला सांगितलं होतं. मॅडम त्यांचा फोन ऑफिसात चालू ठेवू शकल्या असत्या, मी माझा शिपायाकडे देऊ शकलो असतो, सांगायला हजार वाटा होत्या. मी सगळ्यांसमोर, तुझ्यासारखाच हात उंच धरून, फोन बंद केला आणि डब्यात टाकला. तुझ्या नावाने उभं राहून मौन पाळलं. घड्याळाने दहा दाखवले आणि मी म्हटलं, "सुरू करा." दीडशे पोरांचे हात एकदम घड्याळांवर पडले. तो आवाज तुला फार आवडायचा.

पहिल्या पटावर मोहसिनच होता, आता दाढी राखलेला बाप्या. अर्ध्या तासात त्याने बरोबरी केली आणि सही करून माझ्या टेबलावरच्या डब्यातून फोन घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, मालेगावची गाडी गाठत असेल. थोड्या वेळाने पाहतो तर तो दारातल्या दोरीपाशी परत आलेला. डाव संपलेल्याने दोरीच्या आत यायचं नाही, हाही तुझाच नियम. मी उठून त्याच्यापाशी गेलो.

तो अगदी हळू म्हणाला, "सर, रघूसरांच्या घरून मेसेज आलाय ग्रुपवर. टाइम बदलला. अमोलभाईला तिकीटच नाही मिळालं. अकराला निघतायत. तुम्हाला फोन लावून राहिलेत ते."

अकराला पंधरा-वीस मिनिटं होती. स्कूटरने तुझं घर तेवढ्यात येतं. गायकवाड मॅडम दहा पावलांवर उभ्या होत्या. पण बक्षीस वाटायला येणारे पाहुणे लवकर येऊन मागच्या भिंतीशी उभे होते, सेक्रेटरी त्यांच्या कानाशी लागून माझ्याकडे बोट दाखवत होते, आणि काय सांगत असतील ते मला इथून कळत होतं.

मी मोहसिनला म्हणालो, "फेरीनंतर."

"सर, मी गाडी आणलीय. चला ना."

"फेरीनंतर," मी म्हणालो, आणि ओठांवर बोट ठेवलं. मग वळून पटांच्या रांगांतून फिरायला लागलो, हात मागे बांधून, तुझ्यासारखा.

त्या दोन तासांत मी काय केलं ते विचारू नकोस. एका पोराचा घोडा चुकीच्या घरात ठेवला गेला होता तो सरळ करून दिला. एकीला प्यायला पाणी दिलं. कुणीही मला काही विचारलं नाही, एकही तंटा झाला नाही. माझ्याऐवजी तिथे खुर्ची ठेवली असती तरी फेरी तशीच झाली असती.

अमरधामला पोचलो तेव्हा चिता पेटून बराच वेळ झाला होता. केतकीनेच अग्नी दिला होता. ती नदीकडे तोंड करून उभी होती, मला पाहून म्हणाली, "झाली फेरी, काका?" त्यात टोचणारं काही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हणालो. मोहसिन एका बाजूला चपला हातात घेऊन उभा होता. त्याच्या शर्टाच्या उजव्या खांद्याला गुलाल आणि तेलाचा डाग होता. तो माझ्याकडे बघून अदबीने हसला, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

आता ते राहिलेलं सांगतो, जे गायकवाड मॅडमना आणि मला माहीत आहे.

माझी आई बाथरूममध्ये पडली तो रविवारही शेवटच्या फेरीचा होता. स्पर्धा चालू होती त्या शाळेच्या ऑफिसात फोन आला, शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. मी लग्न न केलेला माणूस, घरी आई आणि मी. मी निघालो तर तू माझ्या मागोमाग गेटपर्यंत आलास. मला वाटलं, पोचवायला आला असशील. तू रिक्षा थांबवलीस आणि आधी स्वतः आत बसलास. मी म्हटलं, "अरे, फेरी?" तू म्हणालास, "गायकवाडकडे देऊन आलोय." तेव्हा त्या नुकत्याच पंचाची परीक्षा पास झालेल्या, त्यांनी एकटीने कधी फेरी घेतलेली नव्हती. मी म्हटलं, "तुझा तो नियम?" तू रिक्षावाल्याला रस्ता सांगत होतास, मध्येच मागे वळून म्हणालास, "फेरी बदलता येत नाही, दिल्या. पंच बदलता येतो." दिवसभर तू माझ्याबरोबर त्या बाकावर बसलास. आईला शुद्ध आली तेव्हा तिने आधी तुलाच ओळखलं.

रघू गेला असता का, असं मी चारचौघांत विचारलं, रघू. मला उत्तर माहीत होतं. तू गेला होतास, माझ्याचसाठी गेला होतास. माझ्या मुखातून तुझं नाव आलं ते तुला खोटं पाडायला. मॅडमना वाटलं असतं तर तिथल्या तिथे मला उघडं पाडता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, तुझ्या मरणाचा मान राखला असेल किंवा माझ्या नव्या शर्टाचा.

माझी हयात तुझ्याशी एका गोष्टीवरून भांडण्यात गेली, की तू माणसांपेक्षा नियम मोठा मानतोस. आज मला वाटतं की मी तुझा नियम अर्धाच पाहत होतो. हॉलमध्ये दिसायचा तेवढा. त्यापुढचं सगळं तू गेटवर, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर करायचास, आणि ते बघायला पाहुणे नसायचे. मी तुझी नक्कल केली ती फक्त दिसणाऱ्या भागाची. इतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

काल तुझं तेरावं झालं. मी वाढायला उभा राहणार होतो, वहिनींनी हात धरून पानावर बसवलं. सणवार मी तुमच्याकडेच करत आलो, त्यांना सवय आहे. मी पानातलं नुसतं चिवडतोय हे त्यांनी पाहिलं आणि शेजारी येऊन बसल्या.

"भावजी, मनाला लावून घेऊ नका," म्हणाल्या. "तिथे दुसरं होतं कोण? एवढी पोरं टाकून तुम्ही येणार कसे? हे असते तर ह्यांनीही तेच केलं असतं."

दुसरं होतं कोण, वहिनी म्हणाल्या. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या पानात जिलेबी वाढली आणि मी ती खाल्ली.

मग त्या आपणहून सांगत राहिल्या, मी विचारलंही नव्हतं. "अकराला उचलायचं ठरलं होतं. तेवढ्यात तो मोहसिन आला. म्हणाला, सरांना सांगितलंय, ते म्हणाले फेरीनंतर. गुरुजी म्हणे आता निघायला हवं. केतकी ऐकेना. म्हणाली, पुढचा उजवा खांदा दिलीपकाकांचा आहे, मी तो कुणाला देणार नाही. ह्यांच्या पिशवीतलं ते पटावरचं जुनं किल्लीचं, दोन तबकड्यांचं घड्याळ काढलं, तुमच्या बाजूला अर्धा तास लावला आणि ह्यांच्या उशाशी ठेवलं. म्हणाली, बाबांचा नियम आहे, उशीर झालेल्याला अर्धा तास. सगळे अंगणात उभे. मी आपली त्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसले. संपल्यावर मग तिने मोहसिनला हात केला."

एवढं सांगून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण आवाज शांत होता. या घडल्याचा त्यांना आधार वाटतोय, हे मला दिसत होतं. नवऱ्याचा मित्र नवऱ्यासारखाच निघाला, पोरीने बापाचा नियम पाळला, सगळं तुझ्या रीतीने झालं. जाताना त्यांनी तुझी पिशवी माझ्या हातात दिली. "आता हे तुमच्याकडे राहू दे. पुढच्या वर्षी लागेल."

पिशवी रात्रभर दाराशीच पडून होती. आज सकाळी उघडली. शिट्टी, दोन पेनं, खोकल्याच्या गोळ्या आणि ते लाकडी घड्याळ. वेळ संपल्यावर केतकीने ते थांबवून ठेवलंय. तुझ्या बाजूची तबकडी तशीच, काटा हललेला नाही. माझ्या बाजूचा, वेळ संपल्याचा लाल झेंडा पडलेला आहे.

सकाळपासून मी स्वतःशी वाद घालतोय, दोन्ही बाजूंनी, कारण तुझी बाजू आता मलाच खेळावी लागते. म्हणतो, वहिनींना कशाला सांगायचं? त्यांना जे समाधान मिळालंय ते का काढून घ्यायचं? माणसांचा विचार नको का करायला? आणि हे म्हणताना मला ऐकू येतं की हा माझा जुनाच युक्तिवाद आहे, मिसळीच्या टेबलावरचा. फक्त तेव्हा तो मोहसिनसाठी होता आणि आज माझ्या सोयीसाठी. वहिनी मला उद्या दारात उभं करणार नाहीत अशी भीती आहे. केतकी मला काका म्हणायचं थांबवेल अशी भीती आहे. त्या घराशिवाय मला दुसरं घर नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. पण त्यांनी माझी वाट पाहिली, रघू. तुला अंगणात ठेवून माझी वाट पाहिली. मी अडकलो होतो असं समजून त्या अर्ध्या तासाचा त्यांना अभिमान वाटतोय, आणि मी अडकलेला नव्हतो.

मघाशी वहिनींना फोन केला. म्हटलं, संध्याकाळी येतोय, केतकीलाही घरी थांबायला सांगा.

"या की, जेवायलाच या," त्या म्हणाल्या. "काही काम होतं का?"

म्हटलं, "एक निकाल सांगायचा राहिलाय. तुम्हाला तो पेपरातून कळला, तो चुकीचा आहे."

"कुणाचा हो?"

"माझा," मी म्हणालो.